आंतरराष्ट्रीय शाळांतील आरोग्यसेवा आणि आपली शाळा

समजा, डिसेंबर महिन्यात आपल्या शाळेच्या तिसऱ्या इयत्तेत एक नवी मुलगी दाखल झाली. आईवडील ऊसतोडीसाठी गावाच्या शिवारात आलेले. मागील शाळेचा दाखला यावयाचा आहे. चौथ्या दिवशी मधली सुट्टी संपून कवितेचा तास चालू असता ती बसल्या जागीच कोसळते. हातपाय ताठ होतात, मग झटके येऊ लागतात, तोंडास फेस येतो. वर्ग भयभीत होतो. कोणी कांदा आणावयास धावतो, कोणी चप्पल पुढे करतो. त्या क्षणी गुरुजींच्या मनात तीन प्रश्न उभे राहतात. हिला पूर्वी असे झाले होते काय? हिचे काही औषध चालू आहे काय? आणि हिचे आईवडील या घटकेस कोणाच्या फडात आहेत?

या प्रश्नांची उत्तरे जगात कोणासच ठाऊक नाहीत असे नव्हे. आईस ती ठाऊक आहेत. कदाचित मागील शाळेच्या बाईंसही ठाऊक असतील. ज्यांच्या समोर मूल पडले आहे, त्यांस मात्र ती ठाऊक नाहीत. मूल नव्या गावी आले आणि त्याच्या प्रकृतीची माहिती जुन्या गावीच राहिली, एवढाच काय तो घोटाळा. परंतु प्रसंगी तो जिवावर बेतू शकतो.

ही अडचण ज्या शाळांपुढे वर्षाचे बारा महिने उभी असते, अशा काही शाळा जगात आहेत. त्यांनी तिच्यावर कोणती व्यवस्था बसविली आहे व तिच्यातील कोणता भाग खर्चावाचून आपल्या शाळेत आणता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या शाळा कोणत्या?

‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द हल्ली तालुक्याच्या गावीही शाळेच्या पाटीवर वाचावयास मिळतो. येथे मात्र तो त्याच्या मूळ अर्थाने घ्यावयाचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची कार्यालये स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे स्थापन झाली. तेथे अनेक देशांतून आलेल्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ साली जी शाळा निघाली, ती या प्रकारच्या आद्य शाळांपैकी एक होय. पुढे वकिलाती, व्यापारी पेढ्या आणि जागतिक संस्था जेथे जेथे गेल्या, तेथे तेथे अशा शाळा निघाल्या. आपल्या राज्यातही पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातील पौडजवळ १९९७ पासून अनेक देशांच्या विद्यार्थ्यांचे एक निवासी महाविद्यालय चालू आहे.

या शाळांतील पुष्कळशी मुले स्थिर नसतात. वडिलांची वा आईची बदली झाली की दोन वर्षे नैरोबी, तीन वर्षे टोकियो, असा त्यांचा प्रवास चालतो. भाषा बदलते, हवा बदलते, वैद्य बदलतो. म्हणूनच मुलाच्या प्रकृतीची माहिती मुलाबरोबरच चालली पाहिजे, हा त्या शाळांतील आरोग्यव्यवस्थेचा पाया होय.

प्रवेशापूर्वीची पत्रके

अशा शाळेत प्रवेश घेताना साधारणतः चार कागद मागतात. प्रत्येक शाळेची पत्रके निराळी असली तरी त्यांतील आशय बहुधा एकच असतो.

पहिला कागद वैद्यकीय तपासणीचा. त्यात उंची, वजन, दृष्टी, श्रवण, हृदय व फुप्फुसे यांची नोंद असून मूल खेळात व सहलीत भाग घेण्यास समर्थ आहे किंवा नाही, हे डॉक्टरांनी लिहावयाचे असते.

दुसरा कागद लसीकरणाचा. प्रत्येक देशाचे लसीकरणाचे वेळापत्रक वेगळे असते. आपल्याकडे क्षयरोगापासून संरक्षणासाठी बी.सी.जी. ही लस जन्मतःच टोचतात. अमेरिकेत ती सर्व बालकांस देण्याची पद्धत नाही. उलट कांजिण्यांची लस तेथे १९९५ पासून सर्रास दिली जाते. आपल्या सार्वत्रिक कार्यक्रमात ती नाही. या भेदामुळे कधी कधी गैरसमजही होतो. बी.सी.जी. टोचलेल्या मुलाच्या हातावर क्षयरोगाची त्वचाचाचणी केली असता, रोग नसतानाही, त्या लसीमुळे तेथे फुगवटा येऊ शकतो. भारतातून गेलेल्या मुलाजवळ लसीची नोंद असेल, तर त्या डॉक्टरांस चाचणीचा अर्थ नीट लावता येतो व आवश्यक तर रक्ताची चाचणी करून निर्णय घेता येतो. नोंद नसेल, तर निरोगी मुलावर विनाकारण संशय येतो. कागदाच्या एका ओळीचे मोल ते असे.

काही देशांत जाताना पीतज्वराची लस टोचल्याचे प्रमाणपत्र लागते. ते टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, आणि २०१६ सालापासून ते जन्मभर चालते. आपल्यातील वयस्क मंडळींस देवीच्या टोचणीचा दाखलाही स्मरत असेल. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले आणि त्या दाखल्याची गरजच उरली नाही. लसीच्या कागदाची गरज कायमची संपावी, यासारखे त्या लसीचे दुसरे यश ते कोणते?

तिसरा कागद पूर्वेतिहासाचा. मुलास दमा, अपस्मार, मधुमेह, हृदयविकार आहे काय? एखादे अन्न, औषध वा माशीचा दंश बाधतो काय? शस्त्रक्रिया झाली आहे काय? रोज कोणते औषध, किती व केव्हा घ्यावे लागते? हे प्रश्न पालकांस विचारलेले असतात, कारण डॉक्टर मुलास वर्षातून एकदा पाहतो व आई रोज पाहते.

चौथा कागद संपर्काचा व संमतीचा. आईवडिलांखेरीज जवळच्या आणखी एका व्यक्तीचे नाव व दूरध्वनी क्रमांक त्यात असतो. आणि कोणाशीच संपर्क न झाल्यास मुलास रुग्णालयात नेऊन तातडीचे उपचार करावेत, अशी लेखी संमती असते. हा कागद दरवर्षी नव्याने भरून घेतात, कारण क्रमांक बदलतात आणि जुना क्रमांक ऐन वेळी दगा देतो.

आरोग्यकक्ष आणि परिचारिका

शाळेत प्रशिक्षित परिचारिका नेमण्याच्या कल्पनेमागे एक उद्बोधक इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्क शहरात डॉक्टर शाळाशाळांतून फिरत, आणि खरूज, डोळे येणे, डोक्यातील उवा, गजकर्ण असे काही आढळले की मुलास घरी पाठवीत. घरी दारिद्र्य, उपचार कोण करणार? मूल रस्त्यावर हिंडे आणि शाळा बुडे. १९०२ साली लिना रॉजर्स या परिचारिकेस प्रयोगादाखल काही शाळांत नेमण्यात आले. तिने किरकोळ विकारांवर शाळेतच औषधोपचार केले, मुलांच्या घरी जाऊन मातांस शुश्रूषा शिकविली. एका वर्षाच्या आत, आजारापायी शाळेबाहेर काढल्या जाणाऱ्या मुलांची संख्या सुमारे दशांशावर आली. तपासणी केली म्हणजे आरोग्यसेवा झाली असे नव्हे. तपासलेले मूल बरे होऊन पुन्हा वर्गात येऊन बसले म्हणजे ती सेवा पुरी झाली, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

आज आंतरराष्ट्रीय शाळांतील आरोग्यकक्षात एक-दोन खाटा, प्रथमोपचाराचे साहित्य, इन्शुलिनसारखी औषधे ठेवण्यास लहान शीतकपाट आणि एक नोंदवही असते. कोणते मूल केव्हा आले, काय तक्रार होती, काय केले व पालकांस केव्हा कळविले, हे तीत टिपतात. वरवर ही वही क्षुल्लक वाटते. परंतु एखादा मुलगा दर सोमवारी सकाळी पोट दुखते म्हणून येतो, हे वहीच सांगते, आणि दुखणे पोटाचे की मनाचे याचा शोध तेथून सुरू होतो.

औषधांविषयी या शाळांचा नियम कडक असतो. औषध मूळ वेष्टनात असावे, त्यावर मुलाचे नाव असावे, डॉक्टरांची चिठ्ठी व पालकांची लेखी संमती सोबत असावी. एका मुलाचे औषध दुसऱ्यास, लक्षण तेच दिसते म्हणून, कदापि देत नाहीत.

मूल घरी केव्हा ठेवावे?

या बाबतीतही त्या शाळांत पालकांस आरंभीच लेखी सूचना दिलेल्या असतात. ताप आलेल्या मुलाचा ताप, तापाचे औषध न देता, चोवीस तास उतरलेला राहिल्यावरच त्यास शाळेत घेतात. उलट्या वा जुलाब थांबल्यावर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जाऊ देतात. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, आणि गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस मुलास घरी ठेवतात. खरजेवर उपचार सुरू झाला की दुसऱ्या दिवशी मूल शाळेत येऊ शकते. उवांसाठी तर मुलास घरी धाडण्याचे कारण नाही, असेच आता वैद्यकीय मत आहे. चारचौघांत त्याचे नाव घेऊन त्यास लाजविण्याचे कारण तर मुळीच नाही.

विशेष निगा लागणारी मुले

ज्या मुलास कायमचा विकार आहे, त्याच्यासाठी त्या शाळांत एक पानाची वैयक्तिक योजना लिहून ठेवतात. विकाराचे नाव, त्याची पहिली लक्षणे, शिक्षकाने करावयाची कृती आणि रुग्णालयात केव्हा न्यावे, एवढेच तीत असते. ती डॉक्टर, पालक व परिचारिका मिळून तयार करतात. परंतु ती लिहिलेली असते शिक्षकासाठी, कारण प्रसंग ओढवतो तो बहुधा वर्गात किंवा मैदानावर.

उदाहरणार्थ, अपस्माराच्या मुलाच्या योजनेत असे लिहितात: झटका आल्यास मुलाभोवतीची कठीण वस्तू दूर करावी, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, मुलास कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी वा अन्य काही घालू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला किंवा शुद्धीवर न येताच दुसरा आला, तर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. कांदा व चप्पल यांचा यात काहीएक उपयोग नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात; त्यानंतर मुलास झोप येते, ती येऊ द्यावी.

इन्शुलिन घेणाऱ्या मुलास एकाएकी घाम सुटला, कापरे भरले, बोलणे असंबद्ध झाले, तर रक्तातील साखर उतरली असण्याचा संभव असतो. मूल शुद्धीवर असल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. बेशुद्ध असल्यास तोंडाने काही देऊ नये, रुग्णालय गाठावे.

आपल्या शाळेत यातील काय येऊ शकेल?

येथे वाचक म्हणतील की, त्या श्रीमंतांच्या शाळा. आमच्याकडे परिचारिका नाही, खाट नाही, शीतकपाट नाही. हे खरे आहे. परंतु शालेय आरोग्याचा विचार आपणांस परका नाही. हिंदुस्थानात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ साली बडोदे शहरात झाली. स्वातंत्र्यानंतर १९६० साली श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र शासनाने शालेय आरोग्य समिती नेमली. आणि आज चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातील शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमुलींतील जन्मजात दोष, कमतरता, आजार व वाढीतील विलंब शोधून त्यांवर विनामूल्य उपचार करणे, हा त्याचा हेतू. त्यासाठी डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माता यांचे पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येते.

म्हणजे तपासणी आपल्याकडे आहे. उणीव आहे ती पथक येऊन गेल्यानंतरच्या तीनशेचौसष्ट दिवसांची. ती भरून काढणे केवळ शिक्षकाच्या हाती आहे.

यात एक भेद मात्र कटाक्षाने लक्षात ठेवावा. आंतरराष्ट्रीय शाळेत आरोग्यपत्रक ही प्रवेशाची अट असते. कागद पुरा नसेल तर प्रवेश अडू शकतो. आपल्या शाळेचे दार असे अडवावयाचे नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, मागील शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला म्हणूनही नाकारू नये, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. मग आरोग्याचा कागद नाही म्हणून मुलास परत कसे पाठविता येईल? तेव्हा प्रथम प्रवेश, मग विचारपूस, हाच आपला क्रम असला पाहिजे. जी माहिती त्या शाळा दारात मागतात, ती आपण मुलास वर्गात बसवून घेऊन मिळवावयाची.

त्यासाठी छापील नमुन्याची वाट पाहू नये. एक शंभर पानी वही घ्यावी व दर मुलास एक पान द्यावे. त्यावर पाच गोष्टी लिहाव्यात: पूर्वी झालेला मोठा आजार किंवा झटका, रोजचे औषध व त्याची वेळ, बाधणारी वस्तू वा औषध, झालेल्या लसी, आणि दोन माणसांचे दूरध्वनी क्रमांक, त्यांतील एक गावातच असणाऱ्या माणसाचा. प्रश्न आईस विचारावेत, व सोप्या शब्दांत विचारावेत. ‘अपस्मार आहे काय?’ असे विचारल्यास ‘नाही’ असे उत्तर येईल. ‘कधी फिट आली होती का, डोळे फिरवले होते का?’ असे विचारल्यास खरे काय ते कळेल.

लसीसाठी माता व बाल संरक्षण कार्ड पाहावे. पाच ते सहा वर्षे वयाची त्रिगुणी लसीची मात्रा, तसेच दहाव्या व सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस या शाळेच्या वयातच येतात. पहिलीच्या व पाचवीच्या वर्गशिक्षकांनी एवढे पाहून राहिलेल्या मुलांची यादी आरोग्यसेविकेस दिली, तरी मोठे काम होईल. घटसर्प हा रोग अद्याप इतिहासजमा झालेला नाही.

पथक येण्यापूर्वी ही वही चाळून, ज्या मुलांविषयी शंका आहे त्यांची नावे वेगळी काढून ठेवावीत. कोण फळ्याजवळ सरकून बसतो, कोणास दोनदा हाक मारावी लागते, धावताना कोणाचे ओठ निळसर पडतात, हे पथकाच्या डॉक्टरांस काही मिनिटांत दिसेलच असे नाही. आपण ते रोज पाहतो. नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांतील शिक्षकांनी, वारंवार हातपाय दुखतात म्हणून रडणाऱ्या मुलास आळशी न समजता, सिकलसेलची तपासणी झाली आहे काय हे विचारावे. पथकाने एखाद्या मुलास पुढील उपचारासाठी चिठ्ठी दिली, तर ती तारखेसह वहीत नोंदवावी, आणि पंधरा दिवसांनी, ‘गेला होतास का रे?’ एवढे आठवणीने विचारावे. न्यूयॉर्कच्या त्या परिचारिकेने जे साधले, ते याच पाठपुराव्याने.

जंतनाशक गोळी शाळेत देतात त्या दिवशीही वही उपयोगी पडते, कारण आजारी असलेल्या मुलास ती त्या दिवशी देत नाहीत.

वहीतील मजकूर मात्र गुप्त ठेवावा. ती टेबलावर उघडी टाकू नये, वर्गात वाचू नये. एकदा चारचौघांत फुटलेले दुखणे मुलीच्या नावास जन्मभर चिकटते, आणि मग पुढची आई खरे सांगण्यास धजत नाही.

वाटेवरच्या मुलांसाठी

आता मूळ मुद्द्याकडे वळू. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. वीटभट्टी, कोळशाची भट्टी, मेंढ्यांची चराई यांमागेही मुले फिरतात. परदेशी अधिकाऱ्याचा मुलगा आणि तोडणी कामगाराची मुलगी यांच्यात अंतर पुष्कळ. परंतु गाव बदलताना प्रकृतीची माहिती मागे राहण्याचा धोका दोघांसही सारखाच. नव्हे, तोडणीवरील मुलीस अधिक. अपस्माराचे औषध एकाएकी बंद पडणे हे झटका येण्याचे एक नेहमीचे कारण आहे, आणि गोळ्या संपल्यावर त्या कोठे मिळतील हे परगावी आईस ठाऊक नसते.

स्थलांतर करणाऱ्या मुलांस शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. मूल कोठवर शिकले हे नव्या गुरुजींस त्यावरून कळते. त्यासोबत वहीतील त्या पाच ओळींची नक्कल, पाकिटात बंद करून, आईच्या हाती द्यावी. निघण्यापूर्वी रोजचे औषध पुरेसे बरोबर घेतले आहे काय, हे आशाताईंकरवी पाहावे. आणि आपल्या गावात अशी मुले येतील, तेव्हा पहिल्याच दिवशी, नाव-गाव विचारताना, त्या पाच ओळीही विचाराव्यात. नक्कल करण्यास पाच मिनिटे लागतात.

मग डिसेंबरातील त्या दुपारी मुलगी कोसळली, तरी वर्ग घाबरणार नाही. गुरुजी तिला कुशीवर वळवतील, घड्याळाकडे पाहतील, आणि एका मोठ्या मुलास सांगतील, “कपाटातील वही आण.” वहीत तिच्या नावापुढे लिहिलेले असेल: पूर्वी दोनदा फिट, रात्री एक गोळी, आई अमुक फडात, मुकादमाचा क्रमांक अमुक. तीन मिनिटांनी झटका थांबेल. संध्याकाळी आई येईल, आणि गोळ्या आठ दिवसांपूर्वीच संपल्या आहेत हे तिच्याकडून कळेल. दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावयाचे, हे त्याच वहीत, त्याच पानावर, पुढच्या ओळीत लिहिले जाईल.